शेजाराची किंमत

मागच्या उन्हाळ्यात शाळेला सुट्टी लागली आणि आम्ही दोन दिवस कार्डिफला जाऊन आलो. कार्डिफ बे म्हणजे आता बघण्यासारखी जागा झाली आहे. एका बाजूला वेल्श संसदेची काचेची इमारत, शेजारी वेल्स मिलेनियम सेंटरचा तो तांबूस रंगाचा भव्य घुमट, समोर शांत पाणी, पाण्यावर होड्या, आणि काठावर आइस्क्रीमपासून थाळीपर्यंत सगळं मिळणारी उपाहारगृहं. आम्हीही फोटो काढले, आइस्क्रीम खाल्लं. "इथे एखादा फ्लॅट घेऊन ठेवायला हवा होता," हे मराठी माणसाचं ठरलेलं वाक्यही यजमानांच्या तोंडून निघून गेलं.

परतीच्या वाटेवर शहराच्या मध्यभागी एक पुतळा दिसला. एका स्त्रीचं मोठं शिल्प, आणि तिच्या आधाराने उभी असलेली मुलं. बेटी कॅम्पबेल. वेल्समधल्या पहिल्या कृष्णवर्णीय मुख्याध्यापिका. हा पुतळा २०२१ साली उभारला गेला. आमच्या लेकीने शाळेत त्यांच्यावर प्रकल्प केला होता, त्यामुळे तिने आम्हाला माहिती पुरवली. बाई १९३४ साली बंदराजवळच्या ब्यूटटाउन वस्तीत जन्मल्या. वडील दुसऱ्या महायुद्धात बोट बुडून गेले. पुढे त्या त्याच वस्तीतल्या माउंट स्टुअर्ट शाळेच्या मुख्याध्यापिका झाल्या आणि मुलांना त्यांच्या वस्तीचा इतिहास शिकवू लागल्या.

"पण आई, त्यांची वस्ती सरकारने पाडली," लेक म्हणाली. आणि लगेच पुढचा प्रश्न, "घरं वाईट होती ना? ओल यायची, गर्दी होती. मग पाडून नवी बांधली, तर बिघडलं काय?"

प्रश्न साधा होता. गाडीत बसल्यावर उत्तर देऊ म्हणून मी वेळ मारून नेली. आज हा लेख लिहायला बसले आहे, कारण ते उत्तर अजून पुरतं दिलेलं नाही. शिवाय त्याच आठवड्यात मुंबईहून दादाचा फोन आला आणि हा प्रश्न कार्डिफपुरता राहिला नाही. पण ते नंतर सांगते.

आधी ती वस्ती. दुसऱ्या मार्क्विस ऑफ ब्यूटने कार्डिफला गोदी बांधली, ती १८३९ साली सुरू झाली. दक्षिण वेल्सच्या खोऱ्यांतला कोळसा इथून जगभर जाऊ लागला. १९१३ साली तर वर्षाला एक कोटी टनांहून जास्त कोळसा या बंदरातून गेला. जहाजं आली तसे खलाशी आले. सोमालिया, येमेन, पश्चिम आफ्रिका, केप व्हर्डे, वेस्ट इंडीज, माल्टा, नॉर्वे... पन्नासच्या आसपास देशांचे लोक या इवल्याशा भागात राहत होते असं सांगतात. लोकांनी त्याला नाव दिलं टायगर बे. गायिका शर्ली बॅसी जन्मली ती इथेच.

आणि ही काही अगदीच परक्यांची गोष्ट नाही बरं का. मुंबई बंदरातून सुटणाऱ्या इंग्रजी आगबोटींवर डेकवर काम करायला रत्नागिरीकडचे मुसलमान खलाशी आणि खानपानाला गोव्याची माणसं असत. या देशातल्या गोद्यांवर आपल्या कोकणची पावलं आपल्या कितीतरी आधी उमटली आहेत. आपण विमानाने, व्हिसा आणि नोकरीचं पत्र घेऊन आलो. ते इंजिनाच्या धुरातून आले, एवढाच काय तो फरक.

टायगर बेचं आयुष्य सोपं नव्हतं. पहिलं महायुद्ध संपल्यावर नोकऱ्या आटल्या आणि जून १९१९मध्ये कार्डिफमध्ये गोऱ्यांच्या जमावांनी कृष्णवर्णीयांवर आणि अरबांवर हल्ले केले. त्या दंगलीत तीन माणसं मेली. मग १९२५ साली सरकारने एक आदेश काढला. ज्या 'काळ्या' खलाशाला आपलं ब्रिटिश नागरिकत्व कागदाने सिद्ध करता येणार नाही, त्याने परदेशी म्हणून पोलिसांत नोंद करायची. ज्यांनी साम्राज्याच्या बोटी चालवल्या, ज्यांचे भाऊबंद युद्धात बुडाले, त्यांच्याकडे कागद मागितला गेला. कागद कुठून असणार? त्या काळी खलाशाला पासपोर्ट काढायला कोणी सांगितलंच नव्हतं. हा 'कागद' जरा लक्षात ठेवा. तो पुढे परत येणार आहे.

वस्तीला बदनामीही मिळाली. टायगर बे म्हणजे मारामाऱ्या, दारू, जुगार, असा बाहेर समज. या बदनामीची किंमत एका माणसाने प्राणाने चुकवली. महमूद मत्तान नावाच्या सोमाली खलाशाला खुनाच्या आरोपाखाली १९५२ साली कार्डिफच्या तुरुंगात फाशी दिली. तो निर्दोष असल्याचं त्याची बायको सांगत राहिली. १९९८ साली अपील न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली, तेव्हा पंचेचाळीस वर्षं उलटली होती.

कोळशाचा व्यापार ओसरला. कोल एक्स्चेंज १९५८ साली बंद झालं, आणि १९६४ साली ज्या गोदीपासून सुरुवात झाली होती ती पश्चिम गोदीही बंद झाली. आणि त्याच दशकात नगरपालिकेने 'झोपडपट्टी निर्मूलन' हाती घेतलं. लाउडन स्क्वेअर हा वस्तीचा मधला चौक. भोवती तीन मजली जुनी घरं, मध्ये बाग. तो चौक आणि आजूबाजूच्या गल्ल्यांमधून बुलडोझर फिरला. तिथे दोन उंच मनोरे आणि कौन्सिलची घरं उभी राहिली. काही लोक परत आले, बरेचसे शहरभर पांगले. कॅफे, खलाशांची बोर्डिंग हाउसं, कोपऱ्यावरची दुकानं गेली ती गेलीच.

आता लेकीच्या प्रश्नाकडे. बिघडलं काय?

एक गोष्ट प्रामाणिकपणे कबूल करायला हवी. ती घरं खरोखरच वाईट होती. जुन्या वस्त्यांबद्दल हळवं होणं फार सोपं असतं, विशेषतः तिथे राहायचं नसेल तर! गिरगावातली आमची चाळ आठवली की माझ्याही डोळ्यांत पाणी येतं. पण त्या आठवणीत मजल्याच्या टोकाच्या संडासासमोरची सकाळची रांग नसते, पावसाळ्यात भिंतीला येणारी ओल नसते, बाळंतपणाला आलेल्या ताईला कपडे बदलायला सगळ्यांना गॅलरीत उभं राहावं लागे ते नसतं. चार बेडरूमच्या घरात, सेंट्रल हीटिंग लावून बसलेल्या माझ्यासारखीने दुसऱ्याला "तुम्ही आपले चाळीतच राहा, काय ती संस्कृती!" असं सांगणं हा शुद्ध दांभिकपणा आहे. तेव्हा जुनं ते सोनं हे काही माझं उत्तर नाही.

मग गेलं काय? मला वाटतं, गेला तो शेजार. शेजार ही मोठी विचित्र मालमत्ता आहे. जमिनीला मालक असतो, त्याला भाव देता येतो. घराला भाडेकरू असतो, त्याला दुसरं घर देता येतं. पण शेजार कुणा एकाच्या नावावर नसतो. तो सगळ्यांचा मिळून असतो आणि सगळे मिळून असतात तोपर्यंतच असतो. त्याचा सातबारा नाही की मालमत्ता पत्रक नाही. त्यामुळे तो मोडला तरी कुणाच्याही हिशेबात काही उणं पडत नाही. प्रत्येकाला घराच्या बदल्यात घर मिळालं, गणित बरोबर आलं, कुणी चोरी केली नाही. आणि तरीही काहीतरी मोठं नाहीसं झालं.

यावर दोन आक्षेप घेतले जातात, आणि ते हलके नाहीत.

पहिला असा, की वस्त्या बदलतातच. गिरगाव बदललं, दादर बदललं. आपण स्वतः गाव सोडून सातासमुद्रापार आलो, आपल्याला कुठे कुणी हुंदके देत बसलेलं पाहिलं? नवा शेजार तयार होतो. आपली मंडळंही नवा शेजारच नाही का?

खरं आहे. पण निघणं आणि काढलं जाणं यात फरक आहे. आपण निघालो तेव्हा मागे घर होतं, गाव होतं, आणि जमलं नाही तर परत जायची वाट होती. ज्याचं गावच त्याच्या पायाखालून काढून घेतलं, त्याला परतीची वाट उरत नाही. आणि टायगर बेच्या लोकांना नवा शेजार करायला जागा कुठे होती? घर भाड्याने देताना रंगावरून नकार देणं या देशात १९६८च्या कायद्यापर्यंत बेकायदा नव्हतं. १९६५चा वंशसंबंध कायदा आला खरा, पण तो सार्वजनिक जागांपुरता. घरं आणि नोकऱ्या त्याच्या कक्षेत १९६८ साली आल्या. म्हणजे वस्ती पाडायला घेतली ती नेमकी अशा वर्षांत, जेव्हा वस्तीबाहेरचा घरमालक तोंडावर दार लावू शकत होता. त्या माणसांना तो शेजार म्हणजे हौस नव्हती. ते चिलखत होतं. पोलीस कागद मागतो तेव्हा साक्ष द्यायला, नवरा बोटीवर असताना पोरं सांभाळायला, परक्या मुलखात मेलेल्या माणसाला त्याच्या धर्माप्रमाणे मूठमाती द्यायला शेजार लागत होता. चिलखत काढून घेतलं आणि बदल्यात नळ, मोरी, न्हाणीघर दिलं. नळ हवाच होता. पण ही अदलाबदल त्यांना विचारून झाली का?

दुसरा आक्षेप लोकहिताचा. शहर पुढे जायचं तर कुणाला तरी त्याग करावा लागतो. आपण महाराष्ट्रातली माणसं हे वाक्य लहानपणापासून ऐकत आलो आहोत. मुळशीच्या धरणासाठी मावळातल्या शेतकऱ्यांच्या जमिनी जाणार होत्या, तेव्हा १९२१ साली सेनापती बापट त्यांच्या बाजूने उभे राहिले. पुढे कोयना झालं, दिवे लागले. ते दिवे नको होते असं मी म्हणणार नाही. त्या उजेडात अभ्यास करूनच आपण इथवर आलो. पण 'कुणाला तरी' या शब्दाचं मला नेहमी नवल वाटतं. हा 'कुणीतरी' कधीच वाक्य बोलणारा नसतो. त्याग हा करायचा असतो. करवून घेतला की त्याला दुसरं नाव आहे.

शिवाय 'हित' ठरवणारेही चुकतात. मँचेस्टरच्या ह्यूम भागात जुनी घरं पाडून अर्धचंद्राकृती प्रचंड इमारती बांधल्या. १९७२ साली त्या पुऱ्या झाल्या तेव्हा आधुनिकतेचा कळस म्हणून कौतुक झालं. गळती, थंडी आणि कीटकांनी रहिवासी इतके हैराण झाले की १९९०च्या दशकात त्याही पाडाव्या लागल्या. जुनी गल्लीही गेली, नवी इमारतही गेली. राहणाऱ्याला विचारलं असतं तर कदाचित त्याने आधीच सांगितलं असतं.

कार्डिफची पुढची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. १९८७ साली कार्डिफ बे विकास महामंडळ स्थापन झालं आणि २००० साली ते विसर्जित झालं. नदीमुखावर बांध घातला, चिखलाच्या जागी सुमारे दोनशे हेक्टरांचं गोड्या पाण्याचं सरोवर झालं. या वेळी ब्यूटटाउनची घरं काही पाडली नाहीत. पण शहरातून खाडीकडे जाणारा नवा लॉइड जॉर्ज अव्हेन्यू हा रुंद रस्ता रेल्वेच्या भरावाच्या पलीकडून काढला. अलीकडे जुना ब्यूट स्ट्रीट, मध्ये रेल्वेची भिंत, पलीकडे नवे फ्लॅट. पर्यटक पलीकडून येतो, पलीकडूनच जातो. आम्हीही तसेच आलो आणि गेलो. जागेवरून न हलवताही माणसाला बाजूला सारता येतं, ते असं. नावसुद्धा बदललं. टायगर बे गेलं, कार्डिफ बे आलं.

हे वाचताना तुम्हाला परळ आठवलं असेल, तर मलाही आठवलं. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. तो संप कधी रीतसर मिटलाच नाही. गिरण्यांच्या जागी मॉल आणि मनोरे आले. काही ठिकाणी चिमणी तेवढी शोभेला ठेवली आहे. गिरणगावात एकट्या कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायका होत्या. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढून त्यांना संघटित केलं. गिरणीच्या जमिनीचे हिस्से ठरले, कामगारांच्या घरांची चर्चा झाली. पण शेकडो माणसांच्या पोटाशी जोडलेला खानावळवालीचा धंदा कुठल्या हिशेबात धरायचा? तिच्याकडे गिरणीचा कागद नव्हता.

आता दादाच्या फोनविषयी. आमची गिरगावातली खोली बाबांनंतर दादाच्या आणि माझ्या वाट्याला आली. दादा डोंबिवलीला, मी इथे, खोलीला कुलूप. चाळीचा पुनर्विकास ठरतो आहे, संमतिपत्रावर सही पाठव, असा त्याचा निरोप. मी पहिला प्रश्न काय विचारला असेल? "कार्पेट किती मिळणार?" अगदी हेच. कार्डिफच्या पुतळ्यासमोर गंभीर चेहरा करून उभी राहिलेली मी, आठवड्याभरात चौरस फुटांवर आले होते!

त्या रात्री झोप लागली नाही. आमच्या जिन्याखाली एक इस्त्रीवाला आहे. त्याच्या वडिलांपासून ते टेबल तिथे आहे. मी शाळेत असताना माझा गणवेश त्यांच्याकडे जायचा. आमच्या खोलीला गेली कित्येक वर्षं कुलूप आहे, पण कागद आहे, म्हणून मला मुंबईत फ्लॅट मिळणार. तो रोज तिथे उभा आहे, कागद नाही, म्हणून त्याला काहीही नाही. कायद्याने यात काही चूक नाही. १९२५च्या आदेशातही कायद्याने काही चूक नव्हती.

मी दादाला हे बोलून दाखवलं. तो चिडला. "तुला तिकडे बसून बोलायला काय जातं? इमारतीचा सज्जा पडला तर?" त्याचंही चुकीचं नव्हतं. म्हटलं, जे तिथे राहतात त्यांनाच विचारावं. समोरच्या काकूंना फोन लावला. काकू ऐंशीच्या पुढच्या, आम्हा सगळ्या मुलांना त्यांनी वेळेला जेवू घातलेलं. मला वाटलं, काकू म्हणतील, माझी चाळ मोडू नका गं.

काकू म्हणाल्या, "मला लिफ्ट हवी बाई. गुडघे गेले माझे. दोन वर्षं झाली, खाली उतरले नाही. पण त्यांना सांग, घरं सोडतीने देणार म्हणतात ना, तसं नको. आमची ही चार बिऱ्हाडं एका मजल्यावर द्या म्हणावं. रात्री काही झालं तर दार कुणाचं वाजवू?"

लेकीच्या प्रश्नाचं उत्तर काकूंनी दिलं होतं. लिफ्टही हवी आणि शेजारही. जुनं की नवं, हा प्रश्न आपण बाहेरचे लोक घालतो. आत राहणाऱ्याला दोन्ही हवं असतं, आणि पुष्कळदा दोन्ही देता येतं, पण विचारावं लागतं. वरळीच्या बीडीडी चाळीतल्या एकशेसाठ फुटांच्या खोल्यांतल्या लोकांना त्याच आवारात पाचशे फुटांची घरं देण्याचं ठरलं आणि २०२५च्या ऑगस्टमध्ये पहिल्या कुटुंबांना किल्ल्या मिळाल्या. तिथलं सगळं आदर्श झालं असं मी म्हणत नाही. मनोऱ्यात गॅलरी नसते. पण 'तुम्ही इथलेच, इथेच राहाल' एवढं वाक्य तरी आधी बोललं गेलं. लाउडन स्क्वेअरच्या कितीतरी लोकांच्या वाट्याला तेही आलं नाही.

म्हणून मी स्वतःपुरते तीन प्रश्न ठरवले आहेत. ज्याचं मोडणार आहे त्याला आधी विचारलं का? त्याला, हवं असेल तर, तिथेच परत येता येईल का? आणि ज्याच्याकडे कागद नाही पण ज्याचं आयुष्य तिथे आहे, त्याला कुणी मोजलं का? तिन्ही उत्तरं 'हो' असतील तर खुशाल पाडा, मी नारळ फोडायला येईन.

आमच्या चाळीचं म्हणाल तर, शेजारची बिऱ्हाडं जमेल तिथे एका मजल्यावर द्यायचं समितीने करारात घालायला सांगितलं आहे. बिल्डरने अजून होकार दिलेला नाही. इस्त्रीवाल्याचं नाव कुठल्याही यादीत बसत नाही. दादा आणि मी मिळून आमच्या वाट्याच्या पैशांतून त्याला जवळपास गाळा भाड्याने घेता येईल का ते पाहतो आहोत. दादा आधी नाही म्हणाला, मग स्वतःच चौकशी करून आला. हे पुरेसं नाही हे आम्हाला कळतं. दानाने हक्काची जागा भरून निघत नाही. माझी सही अजून माझ्या टेबलावरच आहे. काकूंचे गुडघे फार दिवस थांबणार नाहीत हेही दिसतं आहे. तेव्हा ती मी करीन. करारात तो मजला आला की त्याच दिवशी.

आपल्यातल्या कितीतरी घरांत असे कागद या वर्षी येतील. पुण्याहून, ठाण्याहून, दादरहून. सही करायला एक मिनिट लागतं आणि कुरियर दोन दिवसांत पोचतं. सही करण्याआधी एक फोन करावा, एवढीच विनंती. बिल्डरला नव्हे. समोरच्या काकूंना.